तिसरं तळं

९ जुलै, मंगळवार

दादाचं पुस्तक पुन्हा निघणार! पस्तीस वर्षांत सातवी आवृत्ती. प्रकाशकाचा सकाळी फोन — "ताई, तुम्ही एकदा नजरेखालून घाला. दादासाहेबांचे डोळे आता साथ देत नाहीत." डोळ्यांचं काय घेऊन बसलात? साथ देत होते तेव्हा तरी त्याने काय पाहिलं होतं? आख्ख्या पर्वतरांगेवर चारशे पानं लिहिली, आणि रांगेत पाऊल टाकलं ते पायथ्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यापर्यंत. पुढचं सगळं मी चालले. वही माझी, पाय माझे, पायांचे फोड माझे. मुखपृष्ठावर नाव त्याचं. प्रस्तावनेत शेवटून दुसऱ्या ओळीत — "धाकट्या बहिणीचेही साहाय्य झाले."

"चेही"!

तेव्हा त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, हे मान्य. पण नंतरची पस्तीस वर्षं काय मोडलं होतं?

दुरून डोंगर साजरे, एवढीच म्हण. दादासाहेबांनी ती चारशे पानांत खुलवून सांगितली.

११ जुलै

पहिलं प्रकरण वाचलं. "गगनाला गवसणी घालणारी शुभ्रमुकुटधारी शिखरे." पेन्सिलीने समासात लिहिलं — उंची? दगड कोणता? मुकुट नको.

सांगण्यासारखं दहा ओळींत मावतं. रांग पूर्व-पश्चिम. तिचे तीन पट्टे, एकामागे एक. दक्षिणेला वाळूखडकाच्या बुटक्या टेकड्या, हातात घेतला तर चुरा होईल इतका कच्चा दगड. मधे चुनखडी — गुहा, खड्डे, चालता चालता जमिनीत गडप होणारे ओढे. मागे मुख्य कणा, ग्रॅनाइटचा. ढग दक्षिणेकडून येतात आणि कण्याला अडून तिथेच रिते होतात. म्हणून अलीकडे जंगल, पलीकडे हाडासारखी कोरडी उतरण. झालं. यात मुकुट घालायला डोकं आहे कुठे?

आणि ती नदी! "नदीने पर्वताचे कठोर हृदय भेदले." डोंबल भेदलं! नदी आधीची आहे. डोंगर तिच्याखालून इंचाइंचाने वर येत गेला आणि ती आपली जागा न सोडता कापत राहिली. हे मीच त्याला समजावलं होतं. तेव्हा म्हणाला होता, "बरोबर आहे गं, पण वाचकाला भेदणं आवडतं."

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला मी. दरवर्षी पोरं हेच भेदलेलं हृदय उत्तरपत्रिकेत लिहायची, आणि मला पूर्ण गुण द्यावे लागायचे. पाठ्यपुस्तकाने दादाकडूनच उचललेलं ना!

१६ जुलै, मंगळवार

प्रकाशकाच्या कचेरीत गेले होते. नवी आवृत्ती म्हणून नवे नकाशे, आणि नव्या नकाशांसाठी एक नवी मुलगी. वय असेल पंचवीस. जिना चढली की धापा टाकते आणि पर्वत काढते! तिने खिंडीपलीकडच्या तिसऱ्या तळ्यावर लाल प्रश्नचिन्ह ठोकलंय.

"मावशी, उपग्रहाच्या चित्रांत दोनच तळी दिसतायत."

मावशी! म्हटलं, ढग आला असेल.

"अकरा चित्रं पाहिली. वेगवेगळ्या वर्षांची."

मग सावली असेल.

"खिंडीच्या पलीकडे सपाटच आहे, मावशी. सावली कशाची पडणार?"

म्हटलं, शाळेच्या प्रत्येक नकाशात तीन तळी आहेत. 'तीन तळ्यांची रांग' म्हणूनच तर तिला ओळखतात. तर नकाशेवालीबाई हसून म्हणतात, "हो, पण ते सगळे नकाशे दादासाहेबांच्या पुस्तकावरूनच काढलेत ना."

पूर्वी लोक उंटावरून शेळ्या हाकायचे. आता उपग्रहावरून हाकतात. एवढीच काय ती प्रगती.

१७ जुलै

प्रकाशकाने ते प्रश्नचिन्ह दादाला कळवलं. याच्या पोटात काही राहत नाही. लगेच दादाचा फोन — "अगं, मग जाऊन बघू की!"

वय चौऱ्याहत्तर. गुडघे, दम आणि अक्कल, तिन्ही उतरणीला. मी तिथल्या तिथे सांगितलं, जमणार नाही. तुला नाही, मला नाही. बासष्ट वर्षांची आहे मी.

संध्याकाळी वहिनीचा फोन. वाटलं, ही तरी त्याला अडवेल. तर म्हणते कशी, "तुम्ही एवढ्या का चिडलात, वन्सं? कायम तुम्हीच म्हणायच्या ना, यांनी एकदा तरी जाऊन डोळ्यांनी बघावं म्हणून."

आपले दात आणि आपलेच ओठ.

२० जुलै

भाची येऊन दोन तास बसली. "आत्या, तू बरोबर असलीस तर आम्हाला काळजी नाही." खेचरं ठरवली आहेत, डॉक्टरने हो म्हटलंय, गोळ्यांची पिशवी भरली आहे. तो डॉक्टरही ह्याच पुस्तकावर पोसलेला! म्हणे, "दादासाहेब जाणार म्हणजे पर्वतच धन्य होणार."

बारा ऑगस्टला निघायचं. मूर्खांचा बाजार आहे नुसता.

१२ ऑगस्ट, सोमवार

बसमध्ये सहा तास दादा खिडकीला नाक लावून बसला होता. स्वतःचीच वाक्यं म्हणत होता! पुढच्या बाकावरच्या बाईने विचारलं, "कविता का?" खूश झाला.

टेकड्या लागल्यावर चहासाठी गाडी थांबली. हा गेला रस्त्याकडेच्या दरडीपाशी. दगड उपटला, मुठीत दाबला. मूठ उघडली तर भुगा.

"खरंच चुरा होतो गं!"

पस्तीस वर्षं छापतोय ते. आज पटलं.

१४ ऑगस्ट

कालपासून खेचरं. बरोबर एक बाई आहे, पन्नाशीची, दोन खेचरांची मालकीण. एकावर दादा, एकावर सामान, मी पायी. तिचं गाव कण्याच्या पलीकडे, कोरड्या बाजूला. उन्हाळ्यात इकडे माणसं-सामान वाहते आणि बर्फ पडायच्या आत परत जाते. दादाला "आजोबा" म्हणते. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! महर्षी म्हणवून घ्यायची सवय, आणि इथे आजोबा.

आज चुनखडीतून चाललो. तो गडप होणारा ओढा लागला. चांगला मांडीएवढा पाण्याचा लोट, आणि दहा पावलांत नाहीसा — नुसती ओली कपार. दादाने खेचर थांबवलं, खाली उतरला, गुडघे टेकून कपारीला कान लावला. मग एक पिवळं पान आत सोडलं. म्हणे, खाली जिथे ओढा वर येतो तिथे बसून राहू, पान येतं का बघू.

खेचरवाली म्हणाली, "आजोबा, माझं घोंगडं गेलं होतं यात. तीन वर्षं झाली. अजून वाट बघतेय."

दादा एवढा हसला की खोकला लागला. मग मलाच पाठ चोळत बसावं लागलं. वय झालं की माणसं स्वस्तात खूश होतात.

१६ ऑगस्ट

झाडं संपली. एका वळणापर्यंत देवदार होते, वळणानंतर गवत आणि धोंडे.

दुपारी पहिलं तळं. वाटीसारख्या कड्याखाली हिरवं पाणी. तासाभराने दुसरं — लांबट, दुधट निळं. वरची हिमनदी दगड दळते, त्याचं पीठ या पाण्यात उतरतं. खालच्या तोंडाला तिनेच ढकलत आणलेल्या दगडगोट्यांचा बांध. सगळं वहीत लिहिलं होतं तसंच्या तसं. मापंसुद्धा. दादाला मुद्दाम पावलांनी मोजून दाखवलं — लांबी चारशे दहा तेव्हा, चारशे दहा आज. बघ म्हटलं!

तो पाण्यात हात घालून बसला होता. बोटं निळी पडेपर्यंत. आता याच्यावर अडीच पानं पाडेल, 'निसर्गापुढे शब्द मुके झाले' म्हणून. मुके झाले तर लिहितोस कशाला?

पाऊण तासाने म्हणाला, "मी फार फसवलं लोकांना."

म्हटलं, चल, थंडी वाजेल.

१७ ऑगस्ट

खिंडीखालच्या दगडी खोपीत मुक्काम. खोपी म्हणजे तीन भिंती आणि वर एक पत्रा. दादा गोळ्या घेऊन आडवा झालाय. दम लागतोय त्याला. मी पुन्हा म्हटलं, दोन तळी पाहिलीस, पुष्कळ झालं, इथूनच परत जाऊ. खिंड धुक्यात असते, वारा असतो, पलीकडे उतार निसरडा. ऐकेल तर शपथ! पालथ्या घड्यावर पाणी.

बाहेर खेचरवाली दाणे घालत होती. सहज विचारलं, उद्या तळ्यापाशी किती वाजता पोहोचू?

"कुठल्या तळ्यापाशी?"

खिंडीपलीकडच्या.

"पलीकडे तळं नाही, बाई. आम्ही उन्हाळाभर तिथे मेंढ्या चारतो. प्यायचं पाणी खालच्या ओढ्यावरून आणावं लागतं."

म्हटलं, पूर्वी होतं.

"कधी?"

छत्तीस वर्षांपूर्वी.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मेंढ्या माझ्याकडेच असायच्या."

खेचर हाकणाऱ्या बाईला भूगोल विचारायला गेले, माझंच चुकलं. चौदा वर्षांच्या मुलीला काय आठवतं! कुठल्या कुरणात होती कोण जाणे. एका डोंगरासारखा दुसरा डोंगर असतो ह्या लोकांना.

१८ ऑगस्ट, रविवार

खिंड ओलांडली. नेमकं धुकं नव्हतं. लख्ख ऊन.

पलीकडे वाट डावीकडून उतरते. मी उजवीकडे निघाले होते, खेचरवालीने हाक मारून फिरवलं. छत्तीस वर्षांत माणूस वाट विसरणारच.

एकदम रंगच बदलतात तिकडे. हिरवं नावाला नाही. तपकिरी, पिवळं, राखाडी, आणि आभाळ मात्र भलतंच निळं. खाली एक मोठी बशी. बशीत गवताची खुरटी ठिगळं, वाळू, धोंडे. मधोमध मेंढ्यांचा एक गोठा, दगड रचून केलेला. पाणी नाही. थेंब नाही.

दादा खेचरावरून उतरला. काठी टेकत टेकत बशीच्या मध्यापर्यंत गेला. तिथे उभा राहून त्याने गोल फिरून पाहिलं, हळूहळू, सगळीकडे.

"इथेच?"

म्हटलं, हो.

"मग आटलं. नाहीतर फुटलं असेल." खालच्या बाजूला दगडांच्या बांधात एक खाच होती, तिकडे त्याने काठी दाखवली. "तिथून फुटलं. हो ना?"

म्हटलं, असेल.

"पण काठाच्या रेषा कुठे आहेत गं? तळं आटलं की पाण्याच्या पातळीच्या रेषा राहतात, तूच लिहिलं होतंस."

पुस्तकी विद्या असते ती अशी नेमकी नको तेव्हा आठवते! म्हटलं, वरून दगड घसरून झाकल्या गेल्या. ते त्याला पटलं. मग तो एका धोंड्यापाशी वाकला. धोंड्यावर दगडफुलं होती, ताटलीएवढी. हाताने चाचपत म्हणाला, "ही किती वाढतात वर्षाला?"

केसभर.

"आणि पाण्याखाली?"

म्हटलं, ऊन कलतंय दादा, परत चढायचं आहे.

तर हे महाशय खेचरवालीला विचारायला गेले! "बाई, तुमच्या वडिलांच्या वेळी इथे पाणी होतं का हो?" मी तिथेच होते. तिने दादाकडे पाहिलं — त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्याने असेल — मग माझ्याकडे. खेचराचा पट्टा आवळत म्हणाली, "असेल, आजोबा. वडील कमी बोलायचे."

दादा धोंड्यावर बसला. "तू एकटीनेच पाहिलेलं आहेस. सांग ना कसं होतं."

आणि मी सांगितलं. लांबी, रुंदी, पाण्याचा रंग, उत्तरेच्या काठावरचं बर्फ. डोळे मिटून ऐकत होता. मोठा माणूस, जगभर मान, आणि मेंढ्यांच्या लेंड्यांत बसून रडतोय. कीव आली.

१९ ऑगस्ट

खिंडीतून खाली उतरलो. दादा दिवसभर खेचरावर पेंगत होता. बरं झालं.

३ सप्टेंबर, मंगळवार

दादाने नवं प्रकरण लिहून पाठवलंय. नाव — 'हरवलेले सरोवर'. मुकुट नाहीत, गवसणी नाही, हृदय भेदलेलं नाही. साधं लिहिलंय. वय चौऱ्याहत्तर झाल्यावर लिहायला शिकला!

सोबत चिठ्ठी. सातव्या आवृत्तीवर नावं दोन. माझं आधी. "ते सरोवर जिने पाहिले ती एकटी माझी बहीण" असं पहिलंच वाक्य.

छत्तीस वर्षांनी. आता काय त्याची पूजा करू?

१५ सप्टेंबर

ते प्रकरण आज रविवारच्या पेपरात छापून आलं. अर्धं पान. सकाळपासून फोन. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका — जन्मात कधी माझं कौतुक केलं नाही — म्हणाल्या, "आमच्यात एवढी मोठी व्यक्ती वावरत होती, कळलंच नाही!" कळायला डोळे लागतात. नकाशेवालीनेही माफी मागितली. "सॉरी मावशी, आटलेलं तळं चित्रात कसं दिसणार, माझ्या लक्षातच आलं नाही." नकाशात आता तुटक रेषेने दाखवणार आहे.

शेजारची म्हणाली, भाषण ठेवू या. म्हटलं, घसा बसलाय.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी अनोळखी नंबर. खेचरवाली! कोणाच्या तरी फोनवरून बोलत होती, मधे मधे आवाज तुटत होता.

त्यांच्या गावाखालच्या नदीवर पूल होतोय. खांब उभे आहेत, वरचं तेवढं घालायचं राहिलंय. काम थांबवलं. इंजिनिअर पेपरातलं कात्रण घेऊन आला होता म्हणे — वर तळं फुटलं होतं, म्हणजे या खोऱ्यात पूर येऊन गेलेला आहे, आणखीही काही वर साचलं असेल. पाहणी होईपर्यंत काम बंद. पाहणी उन्हाळ्यात. म्हणजे हिवाळाभर पूल नाही. नदी ओलांडायची ती तारेवरच्या पाळण्यातून, आणि बर्फ पडलं की तार गोठते.

"माझी थोरली बाळंतपणाला आलीय, बाई. डिसेंबरात दिवस भरतात. दवाखाना पलीकडच्या काठाला. तुम्ही त्यांना सांगा ना."

काय सांगू म्हटलं.

 मग म्हणाली, "मी त्या दिवशी आजोबांसाठी हो म्हटलं. आता माझ्या लेकीसाठी तुम्ही नाही म्हणा."

फोन कट झाला.

९ ऑक्टोबर

एका रविवारच्या लेखावरून पूल थांबवतात! कसले इंजिनिअर, कसलं खातं? स्वतः जाऊन बघायला नको? जरा वर चढून दगडफुलं पाहिली असती तरी कळलं असतं. कोणी बघत नाही. कोणी म्हणजे कोणी नाही. एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्यावरून नकाशा काढायचा, तिसऱ्याने त्यावरून शिकवायचं, गुण द्यायचे.

आणि ती बाई! तिला कोणी सांगितलं होतं हो म्हणायला? तोंडावर सांगून टाकायचं होतं.

आज जेवले नाही. भूक नव्हती.

१० ऑक्टोबर

जुनी वही काढून बसले. पहिलं तळं — तीन पानं, आकृत्या, खाडाखोड. दुसरं — चार पानं, पाण्याचे डाग. तिसरं — अर्धं पान. स्वच्छ अक्षर. एकही खाडाखोड नाही.

छत्तीस वर्षांत एका माणसाच्या तरी हे लक्षात यावं!

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी बांधकाम खात्याच्या कचेरीत जाऊन लेखी दिलं. खिंडीपलीकडे तळं नव्हतं. फुटलं नाही, आटलं नाही, नव्हतंच. त्या वर्षी हमाल सोडून गेल्यावर मी खिंडीखाली दोन दिवस धुक्यात एकटी बसून राहिले आणि तिथूनच परत फिरले. पलीकडे पाऊलही टाकलं नाही. सही, तारीख. साहेब म्हणाला, पूल सोमवारी सुरू करतो.

मग दादाला फोन करून तेच वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. शेवटी म्हणाला, "घाबरली होतीस, तर तसं सांगायचं ना गं मला!"

म्हटलं, "तू ते विचारलंसच कुठे? आल्या आल्या तू विचारलंस, पलीकडे काय आहे."